शेवटची तार जोडायचा मान

आबा,

यंदा आंगणेवाडीच्या जत्रेत, खाज्याच्या दुकानाला लागून, एक माणूस गोणपाटावर लेझरच्या बॅटऱ्या मांडून बसला होता. बोटाएवढ्या नळ्या. बटण दाबलं की समोरच्या मंडपाच्या कापडावर लाल ठिपका. मी एक घेतली आणि घरी येऊन चष्मा पुसून, चाकूच्या टोकाने ती उघडली. सवय जात नाही. आत काय असावं? घड्याळात असतात तसले तीन सेल, तांदळाच्या कणीएवढा एक रेझिस्टर, आणि तो. लेझर डायोड. बस. प्रवाह आवरणारं सर्किट नाही, हळूहळू चढवायची खुंटी नाही, काही नाही. मेला तर मेला, गोणपाटावर दुसरा आहेच. मी ती उघडी नळी ओटीत घेऊन बसून राहिले. हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. दमलेय हो आबा. आईचं आजारपण काढलं, मग शाळेतून निवृत्त झाले, आता वानरं शहाळी पाडतात ती गोळा करायची आणि पंप बंद पडला की कुडाळच्या मेकॅनिकची वाट बघायची, एवढंच उरलंय. तुम्हाला लिहिण्याजोगं यात काही नाही. पण ती नळी उघडल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. एक गोष्ट सांगायची राहून गेलीय.

आपल्या घरी असला पहिला डायोड आला तेव्हा त्याला किती मान होता. मस्कतच्या मावसभावाने सीडी प्लेअर आणला होता. रेकॉर्डसारखी चकती, पण सुईच्या जागी उजेड, असं तो अंगणात उभा राहून सगळ्यांना सांगत होता. आपल्या खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात त्याची मोटर गंजून जाम झाली आणि ते यंत्र तुमच्या पदरात पडलं. तुम्ही ते उघडलंत, आत शर्टाच्या बटणाएवढी पितळी टोपी, म्हणजे तो लेझर डायोड, सापडली, आणि तुमचा चेहरा, आबा, भरल्या घरात लक्ष्मी आल्यासारखा झाला. हायस्कुलात विज्ञान शिकवता शिकवता तुमचं आयुष्य चाललं होतं आणि लेझर तुम्ही फक्त टपालाने येणाऱ्या मासिकात वाचला होता. तालुक्यात असला दुसरा नसेल, असं तुम्ही म्हणालात. तेव्हा ते खरंच असावं. त्याच दिवशी ठरलं: शाळेच्या संमेलनात खाडीच्या या काठावरून त्या काठावर उजेडावर बसवून माणसाचा आवाज पाठवायचा.

तुमची दृष्टी तेव्हाच मंदावलेली होती. डायोडचे तीन केसासारखे पाय तुम्हाला धड दिसायचे नाहीत, म्हणून सोल्डरचे डाग द्यायला मी. मी बी.एस्सी. होऊन त्याच शाळेत बदलीच्या जागेवर शिकवत होते. आणि काम कुठे, तर स्वयंपाकघरात. लोक हसायचे, पण तुमचं गणित चोख होतं. बाहेरच्या खोलीत नवी फरशी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माघ महिन्याच्या कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर वीज साठते आणि आपल्याला न कळता बोटातून डायोडच्या पायात उतरते. ठिणगी दिसतही नाही आणि तो संपतो. स्वयंपाकघरात शेणाने सारवलेली ओलसर जमीन, चुलीवर पेजेची वाफ, अनवाणी पाय. एवढं सुरक्षित ठिकाण घरात दुसरं नव्हतं. आई चुलीपुढे बसून म्हणायची, "तुमच्या त्या बटणाक पेज भरवतास काय? माका सांगा, मीठ घालतंय." तुम्ही हसायचात, पण डोळे कामावरून काढायचे नाहीत.

एकदा मी शाळेतून आले तशीच नायलॉनच्या साडीत पाटावर बसले आणि डायोडकडे हात नेला. तुम्ही माझं मनगट धरलंत. आयुष्यात तुम्ही माझ्यावर हात उगारला नव्हता, पण त्या दिवशी मनगट दुखलं. "उठा. साडी बदलून या. सुती." कामावर बसलात की तुम्ही वर्गातल्यासारखं पुस्तकी बोलायचात आणि मुलीलाही अहोजाहो करायचात. "हा रागाने मरत नाही, निष्काळजीपणाने मरतो." मी आत जाऊन साडी बदलली आणि रडले. परत आले तर तुम्ही पाटावर सरकून जागा केली होती आणि मालवणीत आला होतात. "बस गो. माका भिया वाटला. एकच आसा तो." तुमची माफी मागायची रीत हीच होती.

डोळ्यांचंही तेच. डायोडचा किरण जवळजवळ दिसत नाही, दिसलाच तर विझत्या निखाऱ्यासारखा फिकट लाल. त्या फिकटपणावर जाऊ नको, असं तुम्ही मला कितीदा बजावलंत. दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो, डोळा मिटायची बुद्धी होत नाही आणि आतला पडदा भाजून जातो. सेल लावलेला असो नसो, त्याच्या तोंडासमोर तोंड न्यायचं नाही. उजेड आहे का ते कानाने बघायचं. सौर घटाला जुन्या रेडिओचा भाग आणि हेडफोन जोडून तुम्ही यंत्र केलं होतं, त्यात खोलीतली ट्यूबलाइटही गुणगुणताना ऐकू यायची. स्वतःचे डोळे जात चाललेल्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांची किंमत जास्त कळते, असं मला आता वाटतं.

पण खरा जीव तुम्ही ओतलात तो वीज देण्याच्या सर्किटात. घरची लाईन नकोच, आपल्याकडची वीज कधी दिव्याला पिवळा करते कधी फोडते. म्हणून जीपची बॅटरी. त्यापुढे प्रवाह मोजून सोडणारी चिप, तो कमीजास्त करायला एक खुंटी, एक मीटर, आवाज त्यावर बसवायला एक माईक, आणि गचके झेलायला एक कपॅसिटर. डायोडला विजेचा दाब द्यायचा नसतो, प्रवाह द्यायचा असतो, हे तुम्ही मला पेज जेवता जेवता शिकवलंत. खऱ्या डायोडला तुम्ही कितीतरी दिवस हात लावला नाहीत. त्याच्या जागी साधे डायोड ओळीने लावून मीटरचा काटा बघत बसलात. खुंटी शून्यावर, मग हळूहळू वर, ठरलेल्या खुणेच्या अलीकडे थांबायचं, बंद करताना पुन्हा शून्यावर आणि मगच बॅटरी काढायची. आणि सगळ्यात मोठा धोका कोणता, ते तुम्ही खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाचं उदाहरण देऊन सांगितलंत. प्रवाहाला जायला वाट नसली की तो कपॅसिटरमागे तुंबतो, भरतीला बांधामागे पाणी तुंबतं तसा. खुंटी शून्यावर असली तरी तुंबतो. त्यात कोणी दार उघडलं, म्हणजे वीज चालू असताना डायोड जोडला, की सगळा लोट एकदम त्याच्या अंगावर. म्हणून तुम्ही सर्किटच्या दोन्ही टोकांवर तांब्याची एक आडवी तार टाकलीत. ती असेपर्यंत प्रवाह तिच्यातून शांतपणे फिरत राहणार. डायोड जोडायचा, मग ती आडवी तार काढायची, मग खुंटी. याच क्रमाने. बांधावर निजणाऱ्या राखणदारासारखी ती तार होती.

त्याच दिवसांत पुण्याचं पत्र आलं. मोजमापाची उपकरणं बनवणारी कंपनी, तपासणी विभागात जागा, राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात. मी अर्ज केला तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, पण बोलावणं येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. आई दोन दिवस बोलली नाही. तुम्ही पत्र खिडकीशी नेऊन, नाकाला लावून वाचलंत आणि म्हणालात, "संमेलनापर्यंत थांब. पलीकडच्या काठार माका माणूस व्हयो. ह्या चलला काय मी स्वता तुका कुडाळच्या ष्टँडार सोडतंय." सगळ्यांच्या मनात एकच झालं. आवाज खाडी ओलांडून गेला की मुलगी पुण्याला जाणार. शेजारच्या बायका मला विचारायच्या, काय गो, उजेड बोललो काय? म्हणजे, बॅग भरली काय?

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी तालीम. मी तरीने पलीकडे गेले, सौर घट तिपाईवर, कानाला हेडफोन, हातात कंदील. तुमचा आवाज माझ्याकडे येणार होता, माझ्याकडून उलट काही जायची सोय नव्हती, म्हणून ऐकू आलं की मी कंदील वर करायचा, असं ठरलेलं. आधी टॉर्चने नेम धरला. सूर्य बुडाल्यावर, तिन्हीसांजेला, मी मान खाली घालून उभी आहे. कानात नुसती खरखर. मग खरखरीच्या आतून कोणीतरी घसा साफ करतं. "माजा ऐकतंस गो?" इतकं जवळून. तुम्ही मधल्या एवढ्या पाण्यापलीकडे, मला दिसतसुद्धा नव्हतात, आणि आवाज मात्र स्वयंपाकघरातल्यासारखा कानाशी. मी कंदील वर केला. तुम्ही म्हणालात, "दिसलो. दिसलो गो माका कंदील." मग तुम्ही बोलत राहिलात, उद्या काय करायचं, बॅटरी कोण उचलणार, आईने पुण्याला न्यायला कुळथाची पिठी करून ठेवलीय. मी ऐकत राहिले. कुळथाच्या पिठीपाशी मी हेडफोन कानावरून थोडा सरकवला. का, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला काय झालं ते मी पाहिलेलं नाही, मी पलीकडे होते. ते शाळेच्या शिपायाने, जो बॅटरी धरून बसला होता त्याने, मला सांगितलं. शाळेचं खाडीकाठचं पटांगण भरलेलं. आपल्या गावात होळीची पहिली पेंढी कोणी लावायची, देवाची तरंगं, ते वस्त्रं नेसवलेले खांब, कोणी उचलायची, सगळं घराण्यांना वाटून दिलेलं. मग उजेडाचा आवाज कोणी सुरू करायचा? अर्थात पहिल्या मानाच्या घरातल्या थोरल्या आजोबांनी. तुम्ही त्यांच्यापुढे खुंटी ठेवलीत आणि ती सावकाश फिरवा म्हणालात. ते म्हणाले, "ह्या काय रेडिओचो कान पिळूचो? पोराटोरांचा काम ता. शेवटची तार मी जोडतंय. मान जोडूचो आसता." तुम्ही तेही मान्य केलंत, कारण आडवी तार होती, राखणदार जागेवर होता. त्यांनी जोडावं, मग तुम्ही तार काढावी, काही बिघडलं नसतं. पण आजोबांनी खाली वाकून ती तांब्याची तार पाहिली. "मास्तरानू, ह्या तर आदीच जोडलेला आसा. मगे मी काय जोडू? जोडलेल्याक जोडूक माका आणलास?" पटांगणात हसू पिकलं. त्यांचा चेहरा उतरला. आणि तुम्ही, आबा, ज्यांनी नायलॉनच्या साडीसाठी लेकीचं मनगट पिळलं, त्या तुम्ही वाकून ती तार काढून घेतलीत.

मग गाऱ्हाणं. त्याशिवाय आपल्याकडे काय सुरू होतं? "बा देवा म्हाराजा, आज ह्या शाळेन जो काय उजेडाचो खेळ मांडलेलो आसा, तो निर्विघ्न पार पडांदे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "जा कोण वाकडा बघीत त्याचा वाकडा पायाबुडी घाल म्हाराजा." "व्हय म्हाराजा." शिपाई म्हणतो, तुम्हीही हात जोडून व्हय म्हाराजा म्हणत होता आणि डोळे मिटलेले होते. बॅटरी चालू, वाट बंद, कपॅसिटरमागे पाणी काठोकाठ. गाऱ्हाणं संपलं, आजोबांनी शेवटच्या तारेचा चिमटा डायोडला लावला.

माझ्या कानात टक् झालं. एकच, बारीक, नख मोडल्यासारखं. मग नुसती खरखर. तुम्ही माईकवर बोलत असणार, कारण पलीकडे पटांगणातली गर्दी गप्प झालेली मला जाणवत होती, पण माझ्यापर्यंत अक्षर नाही. मी विज्ञान शिकवत होते, मला त्या टक्चा अर्थ कळला. डायोड गेला. पलीकडे सगळं गाव माझ्या कंदिलाकडे डोळे लावून उभं होतं. आणि मी कंदील वर केला. चांगला हात ताठ करून, डोक्याच्या वर. टाळ्या खाडीवरून ऐकू आल्या, त्यांना कुठलं यंत्र लागलं नाही.

मी परत आले तेव्हा लोक आजोबांना खुर्चीवर बसवून चहा देत होते. तुम्ही सर्किटापाशी एकटे उकिडवे बसला होता, मीटर जवळ धरून. मी पुढे आले तशी मान वर न करता म्हणालात, "गेलो गो." मी म्हणाले, "व्हय, माका समाजला." मग तुम्ही विचारलंत, "मगे कंदील कित्याक वर केलंस?" मी कंदिलाची वात खाली केली. तुम्हीच उत्तर काढलंत. माझा हात धरलात, त्याच मनगटाला, आणि म्हणालात, "माजी लाज राखलंस. म्हाताऱ्याचो मान राखलंस." तुमचे डोळे भरले होते. मी मनगट काढून घेतलं नाही.

त्यानंतर ते सगळं आपोआप घडलं. मस्कतहून दुसरा डायोड येईपर्यंत थांबते, गावाला दाखवलेलं खोटं खरं करून मग जाते, असं मीच म्हणाले. तुम्ही नको नको म्हणालात, आणि थोडे सुखावलातही, ते मला दिसलं. पुण्याला मुदत मागितली, त्यांनी ती दिली नाही. मावसभाऊ गणपतीला आला तो डायोडऐवजी टेपरेकॉर्डर घेऊन. माझी शाळेतली जागा कायम झाली. मानाचे आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले की माणसाचा आवाज उजेडावर बसवला तो या हाताने, आणि तुम्ही दर वेळी व्हय म्हाराजा म्हणत राहिलात. तुमचे डोळे पुरते गेले, मी तुम्हाला मासिकं वाचून दाखवली. आईला अर्धांग झालं, मी होतेच. वाईट दिवसांत, अंग मोडून येई तेव्हा, तुमचा राग यायचा. मनात यायचं, एका चिमट्यासाठी माझं आयुष्य इथे अडकलं; एवढा शहाणा माणूस, त्याला म्हाताऱ्याला नाही म्हणता येऊ नये? हा राग मी पुष्कळ वर्षं पोसला. दमलेल्या माणसाला राग बरा पडतो, त्याला टेकून बसता येतं.

तुम्ही शेवटी आजारी होता तेव्हा एकदा दुपारी मला उशाशी बसवून विचारलंत, "तुका जावचा होता ना गो पुण्याक? माज्या लाजेपायी रवलंस." मी तुमच्या पायांना तेल लावत होते. मी म्हणाले, "व्हय." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

ती उघडलेली नळी मी आज पुन्हा बंद केली. पेटते आहे अजून. स्वयंपाकघरात आता लादी आहे, तिथल्या भिंतीवर मी ठिपका पाडला आणि सवयीने मान खाली घातली. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. तुमची लाज राखायला मी कंदील वर केला नव्हता. तुमची आठवणही मला त्या वेळी आली नव्हती. ते वसतिगृह, ती अनोळखी माणसं, कुडाळच्या ष्टँडावर सुटणारी गाडी, यांच्या भीतीने मी महिनाभर धड जेवले नव्हते, आणि कोणाला सांगता येत नव्हतं, कारण मागितलं मीच होतं. कानात टक् झालं, डायोड गेला हे कळलं, आणि मला इतकं बरं वाटलं, आबा, की माझा हात आपसूक वर गेला.